प्रश्नावली : तिची रचना आणि तिची कसोटी

(१)

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, शकावल्या, सनदा, महजर, पत्रें, ताम्रपट व शिलालेख हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. मागील लोकांनीं तीं आपल्या गरजेसाठीं लिहून ठेविलीं; आम्हीं विचारलें म्हणून लिहिलीं नाहींत. परंतु साधनांचा दुसराही एक वर्ग आहे. कोणीं तरी विचारलें म्हणून जीं निर्माण झालीं, आणि विचारलें नसतें तर जीं निर्माणच झालीं नसतीं, अशीं तीं साधनें होत. खानेसुमारीचे तक्ते, गांवोगांवच्या चालीरीतींचीं टिपणें, घराण्यांच्या कैफियती, वृद्धांच्या तोंडून उतरून घेतलेल्या हकीकती हीं सर्व या वर्गांत येतात. या वर्गाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांतील प्रत्येक उत्तरामागें एक प्रश्न उभा असतो. तो प्रश्न वांकडा असला तर उत्तर सरळ येत नाहीं. आणि तो प्रश्न हरवला तर उत्तराचा अर्थ लावणें दुर्घट होऊन बसतें.

गांवोगांवीं प्रश्नावली पाठवून माहिती गोळा करावी, ही सूचना संशोधकांच्या बैठकींत वारंवार पुढें येते. सूचना चांगली आहे. परंतु प्रश्नावली म्हणजे सुचतील तेवढे प्रश्न एकाखालीं एक लिहून छापखान्याकडे धाडावयाचा कागद, अशी जी समजूत दिसून येते ती मात्र घातक आहे. आमच्या मतें प्रश्नावली एका बैठकींत लिहून होत नाहीं. ती थोड्या माणसांपुढें ठेवून, मोडून, पुन्हां जोडून घडवावी लागते; आणि तिचा प्रत्येक खर्डा मिळालेल्या उत्तरांसह जतन करावा लागतो. हें मत कशावरून बनलें, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा हेतु आहे.

(२)

आरंभीं आमचीच एक चूक सांगणें इष्ट आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मावळांतील थोड्या गांवीं जुन्या घराण्यांकडील कागदपत्रांची यादी करावी, म्हणून आम्हीं एक प्रश्नावली तयार केली. ती एका संध्याकाळीं लिहून झाली आणि दुसऱ्याच आठवड्यांत छापून आली. तिच्यांतील पहिला प्रश्न असा होता : 'आपल्या घरीं ऐतिहासिक कागदपत्रें आहेत काय ?' ज्या घरीं आम्ही गेलों त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं 'नाहीं' असें उत्तर मिळालें. पुढील सर्व प्रश्न या एका प्रश्नावर अवलंबून असल्यामुळें ते कोरे राहिले. आणि या टापूंत कागद उरलेले नाहींत, असा निष्कर्ष काढून आम्ही परत आलों.

या निष्कर्षाविषयीं शंका आली ती केवळ योगायोगानें. एका वृद्ध पाटलांनीं प्रश्नावलीच्या वेळीं 'नाहीं' असें सांगितलें होतें. पुढें चहा घेतां घेतां पाणंदीच्या एका जुन्या तंट्याची गोष्ट निघाली, तेव्हां ते सहज बोलून गेले, "त्या निवाड्याचा मोडी कागद आहे कीं आमच्यात." आम्हीं विचारलें, "मग मघांशीं नाहीं कसें म्हणालांत, पाटील ?" त्यावर ते म्हणाले, "ऐतिहासिक म्हणजे महाराजांच्या वेळचे. हे आमचे घरचे कागद. आणि तुम्ही 'आपल्या घरीं' म्हणालांत. पेटी थोरल्या दादांच्या घरीं आहे." शेजारीं बसलेल्या त्यांच्या पुतण्यानें आणखी एक कारण सांगितलें : "जमिनीजुमल्याचा कागद कोणी अनोळखी माणूस विचारूं लागला, कीं आमच्यांत आधीं नाहींच म्हणतात."

एका 'नाहीं'च्या पोटांत येणेंप्रमाणें तीन निरनिराळे 'नाहीं' निघाले. पहिला शब्दाचा : 'ऐतिहासिक' हा आमचा शब्द त्यांच्या कागदांस लागू पडत नव्हता. दुसरा व्याप्तीचा : 'घर' म्हणजे आम्हांस घराणें अभिप्रेत होतें, त्यांस छप्पर. तिसरा भीतीचा : विचारणाऱ्याचा हेतु कळला नव्हता. आमच्या तक्त्यांत मात्र या तिहींसाठीं एकच फुली पडली होती. ज्या घरांत खरोखरच कागद नव्हते त्यांचीही फुली तीच. तक्ता नीटनेटका दिसत होता, आणि तो निरुपयोगी होता.

(३)

विचारून माहिती मिळविण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. मराठेशाहींत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे दोन्ही पक्षांकडून तकरीर व करीना लिहून घेत, साक्षीदारांस शपथ घालून विचारीत, आणि निर्णयाचा महजर करीत. विचारपूस या अर्थाचा 'पुरसीस' हा फारसी शब्द मराठींत त्याच वाटेनें आला, व न्यायालयांत दिल्या जाणाऱ्या लेखी निवेदनास पुरसीस म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रांत आजही आहे. या जुन्या रीतींत एक मोठा गुण होता. उत्तर देणारा कोण, त्याचें वतन कोणतें, तो कोणत्या पक्षाचा, हें कागदावरच नमूद असे; त्यामुळें त्याच्या म्हणण्याची किंमत मागाहून वाचणारासही ठरवितां येते.

१८१८ सालीं पेशवाई संपल्यावर जी माहिती गोळा झाली तिच्यांत हा गुण सर्वत्र राहिला नाहीं. एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दींत दक्षिणेंतील ज्ञातींच्या रूढि जमविण्याचें काम आर्थर स्टील याजकडे आलें. पुण्यांतील शास्त्री व निरनिराळ्या ज्ञातींचे लोक यांस विचारून त्यानें जें संकलन केलें तें १८२७ सालीं प्रसिद्ध झालें. दत्तक, विवाह, पाट, काडीमोड, वारसा अशा विषयांवरील हें संकलन बहुमोल आहे यांत शंका नाहीं. परंतु पुण्यांत बोलावलेल्या चार प्रमुखांनीं 'आमच्यांत अशी चाल आहे' असें सांगितलें, म्हणजे त्या ज्ञातींत खानदेशापासून कृष्णाकांठापर्यंत तीच चाल होती असें ठरत नाहीं. शिवाय प्रमुख मनुष्य काय घडतें याऐवजीं काय घडावें हें सांगण्याकडे झुकतो. हें संकलन पुढें न्यायालयांत आधारास घेतलें जाऊं लागलें, आणि थोड्यांच्या तोंडची रूढि पुष्कळांच्या माथीं बसण्याचा संभव उत्पन्न झाला.

कैफियतींची गोष्ट याहून बोधप्रद आहे. इनामांच्या चौकशीच्या निमित्तानें अनेक घराण्यांनीं आपापल्या हकीकती सरकारास लिहून दिल्या. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें या चौकशीस कायद्याचें बळ मिळालें. पुरुषोत्तम विश्राम मावजी व दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं १९०८ सालीं कैफियती व यादी यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला, तो अभ्यासकांच्या परिचयाचा आहेच. अशी कैफियत वाचतांना मूळ पुरुषानें कोणत्या स्वारींत तरवार गाजविली आणि कोणतें गांव कोणत्या सनदेनें मिळालें हें तपशिलानें सांपडतें. तेंच घराणें शेती कशी करीत होतें, कर्ज कोणाचें काढीत होतें, घरांतील स्त्रियांचा कारभारांत किती हात होता, याविषयीं सहसा अक्षर नसतें. याचें कारण घराण्याला त्या गोष्टी ठाऊक नव्हत्या असें नव्हे. 'तुमचा हक्क कशाच्या आधारावर ?' हा एकच प्रश्न समोर होता, आणि कैफियत हें त्याचें उत्तर होतें. प्रश्न विसरून उत्तर वाचणारा इतिहासकार मराठेशाही म्हणजे केवळ स्वाऱ्या व सनदा असें समजून बसतो. याच चौकशीनें आणखीही एक वारसा मागें ठेविला. कागद दाखविला कीं वतन जातें, ही धास्ती घराघरांत बसली. राजवाडे यांच्या पिढीच्या संशोधकांस दारोदार फिरतांना तीच आडवी आली, आणि मावळांतील त्या पुतण्याच्या बोलण्यांत ती आम्हांसही भेटली.

चांगल्या बाजूचें उदाहरण म्हणून जॅक्सन यांच्या लोकविद्यासंग्रहाचा उल्लेख केला पाहिजे. मुंबई इलाख्यांतील लोकसमजुती जमविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिक येथें त्यांची हत्या झाली, आणि जमलेल्या साहित्याचें संकलन एन्थोव्हेन यांनीं केलें. गुजराथचा भाग १९१४ सालीं व कोंकणचा १९१५ सालीं निघाला. उत्तरें देणारे बहुतांशीं गांवोगांवचे शाळामास्तर होते, आणि कोणती समजूत कोणत्या गांवच्या मास्तरांनीं कळविली हें कोंकणच्या भागांत तळटीपांत दिलेलें आहे. शिकलेल्या माणसाच्या चाळणींतून ही माहिती आली, हा तिचा दोष. परंतु चाळणी कोणती हें सांगून ठेविलें आहे, हा तिचा गुण. गुणामुळें दोषाचा हिशेब करतां येतो.

(४)

प्रश्नाच्या घडणीवर उत्तर अवलंबून असतें, हा नियम इतिहासापुरताच नाहीं. ज्या ज्या शास्त्रांत माणसांस विचारून ज्ञान मिळवावें लागतें त्या सर्वांना तो लागू आहे. निरनिराळ्या क्षेत्रांतील चार उदाहरणें पाहूं.

पहिलें शिक्षणाचें. विल्यम अॅडम यानें १८३५ ते १८३८ च्या दरम्यान बंगाल व बिहार येथील देशी शिक्षणाविषयीं तीन अहवाल सादर केले. पहिल्यांत त्या प्रांतांत सुमारें एक लक्ष गांवशाळा असाव्या असा अंदाज नमूद होता. दुसऱ्या अहवालासाठीं त्यानें राजशाही जिल्ह्यांतील नाटोर हें एकच ठाणें घेऊन बारकाईनें तपासलें. तेथें प्राथमिक शाळा अवघ्या २७ निघाल्या, व त्यांत विद्यार्थी २६२. परंतु अॅडम यानें तेवढ्यावर न थांबतां घरीं शिकणाऱ्या मुलांचीही चौकशी केली, तेव्हां दीड हजारांहून अधिक कुटुंबांतून दोन हजारांहून अधिक मुलें घरींच शिकत असल्याचें आढळलें. 'शाळा किती ?' असें विचारलें तर नाटोर जवळजवळ निरक्षर ठरतें. 'मुलें कोठें शिकतात?' असें विचारलें तर चित्र बदलतें. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९३१ सालीं, महात्मा गांधींनीं लंडन येथील भाषणांत इंग्रजी अमलांत देशांतील साक्षरता घटली असें म्हटलें, आणि सर फिलिप हार्टॉग यांनीं त्यास पुरावा मागितला. तेव्हां जो वाद माजला त्यांतही हे अहवाल ओढले गेले. त्या वादाची एक गांठ 'शाळा' या एका शब्दांत होती.

दुसरें उदाहरण भाषेचें. खानेसुमारींत १८८१ सालीं मातृभाषा विचारली. १८९१ सालीं आईबापांची भाषा विचारली. १९०१ सालीं नित्य वापरांतील भाषा विचारली. वरवर पाहतां तिन्ही प्रश्न सारखेच. पण तंजावरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, घरांत मराठी व बाहेर तामीळ बोलणाऱ्या मनुष्याचा विचार करा, किंवा घरीं कोंकणी बोलून व्यवहार मराठींत करणाऱ्याचा. प्रश्न बदलला कीं माणूस न बदलतां त्याचा रकाना बदलतो. अशा वेळीं दहा वर्षांत अमुक भाषा वाढली किंवा घटली असें म्हणण्यापूर्वीं प्रश्न तोच होता काय, हें पाहणें प्राप्त आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणींत या बाबतींत अधिक सावधपणा दिसतो. एका ठराविक दृष्टांतकथेचें भाषांतर, स्थानिक लोकांच्या तोंडचा एखादा स्वतंत्र उतारा, आणि शब्द व वाक्यें यांची ठरीव यादी, असे तीन प्रकारचे नमुने त्यांनीं मागविले. भाषांतरांत मूळची छाया पडते, म्हणून स्वतंत्र उतारा. उताऱ्यांत हवा तो शब्द येईलच असें नाहीं, म्हणून यादी. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते.

तिसरें आरोग्याचें. केरळांत आयुर्मान बिहारपेक्षां पुष्कळ अधिक. तरीही 'आपण आजारी होतां काय?' असें विचारलें असतां केरळांतील लोक आजार अधिक सांगतात, ही विसंगति अमर्त्य सेन यांनीं दाखवून दिली आहे. दवाखाना जवळ असलेला व शिकलेला मनुष्य दुखण्यास दुखणें म्हणतो. ज्याच्या नशिबीं उपचारच नाहीं तो त्यास रोजचें जिणें म्हणतो. आपल्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं याच जातीची कसोटी प्रत्यक्ष घेतली. दोन गांवांतील ६५० स्त्रियांस त्यांनीं विचारलें आणि नंतर त्यांची वैद्यकीय तपासणीही केली. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाप्रमाणें तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया शेंकडा ५५ होत्या. तपासणींत स्त्रीरोग वा गुप्तरोग आढळलेल्या मात्र शेंकडा ९२. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ च होत्या. केवळ प्रश्नावलीवर विसंबले असते, तर रोगाचा मोठा हिस्सा कागदावर आलाच नसता.

चौथें संसारखर्चाचें. देशांत गरीब किती, हें राष्ट्रीय नमुना पाहणींतून ठरविण्याची वहिवाट आहे. मागील तीस दिवसांत काय खाल्लें, अशी तींत बहुतेक काळ पृच्छा असे. तीस दिवस कीं सात, हा प्रश्न महालनोबीस यांच्या वेळींच निघाला होता, आणि १९५२ सालीं बंगालांत तांदूळ वगैरे जिन्नस प्रत्यक्ष तोलून या दोन मुदतींची तुलनाही झाली होती. तींत तीस दिवसांची मुदत अधिक विश्वासार्ह दिसली. पुढें १९९४ ते १९९८ च्या दरम्यान पुन्हां प्रयोग झाला. कांहीं घरांस जुना तक्ता व कांहीं घरांस नवा, अशी वांटणी केली असतां नव्या तक्त्यानें, ज्यांत खाद्यपदार्थांसाठीं सात दिवसांची मुदत होती, खर्च वाढला आणि गरिबीचें प्रमाण जवळजवळ निम्में दिसलें. येथवर ठीक होतें. दोन तक्ते दोन वेगळ्या घरीं होते. परंतु १९९९-२००० च्या पाहणींत दोन्ही मुदतींचे रकाने एकाच कागदावर शेजारीं शेजारीं छापले गेले. एक आंकडा सांगितल्यावर दुसरा त्याच्याशीं जुळवून सांगण्याकडे मनाचा ओढा असतो. १९९३-९४ मध्यें शेंकडा ३६ असलेलें गरिबीचें प्रमाण या पाहणींत शेंकडा २६ वर आलें. त्यांतील किती घट चुलीवरची आणि किती कागदावरची, यावर अर्थशास्त्रज्ञांस पुढें वर्षानुवर्षे वाद करावा लागला. कोट्यवधि लोकांच्या दारिद्र्याचा हिशेब दोन रकान्यांच्या शेजारामुळें संशयांत पडला.

(५)

या अनुभवांवरून प्रश्नावलीची रचना व कसोटी यांविषयीं जे नियम निघतात ते आतां संक्षेपानें सांगतों.

रचनेंत पहिली गोष्ट शब्दांची. शब्द संशोधकाचा नसावा, उत्तर देणाराचा असावा. 'कुटुंब किती ?' असें जुन्या वळणाच्या माणसास विचारलें तर तो बायकोविषयीं विचारलें असें समजेल. 'एका चुलीवर किती माणसें जेवतात ?' असें विचारलें म्हणजे घोटाळा राहत नाहीं. शेतांत दिवसभर राबणारी बाई 'काम करतां काय ?' या प्रश्नास 'नाहीं, घरींच असतें' असें उत्तर देते. म्हणूनच १९९१ च्या खानेसुमारींत, आपल्या शेतावर किंवा घरच्या धंद्यांत बिनमोल केलेलें कामही धरावें, असा खुलासा प्रश्नांतच घालण्यांत आला.

दुसरी गोष्ट : एका प्रश्नांत एकच विचारावें. 'देऊळ कोणीं व केव्हां बांधलें ?' यांत दोन प्रश्न आहेत. एकाचें उत्तर ठाऊक असून दुसऱ्याचें नसलें तर माणूस दोन्ही सोडून देतो. तिसरी गोष्ट काळाची. वय विचारलें कीं लोक साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आंकडे सांगतात. त्यापेक्षां पानशेतचें धरण फुटलें तेव्हां (१९६१), कोयनेचा भूकंप झाला तेव्हां (१९६७), बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हां आपण काय करीत होतां, असें विचारलें तर काळ बराच नेमका हातीं येतो. चौथी गोष्ट क्रमाची. ज्यानें संकोच वा भीति वाटेल तो प्रश्न आरंभीं नसावा, आणि आपला हेतु मात्र अगदीं आरंभीं सांगावा. पांचवी गोष्ट : उत्तर सुचविणारा प्रश्न करूं नये. 'हा बुरूज शिवकालीन ना ?' असें पाहुण्यानें विचारलें तर यजमान मान डोलावील, आणि पुढच्या ग्रंथांत एका बुरुजाचें वय वाढेल.

रचना झाल्यावर कसोटी. ज्या गांवांची पाहणी करावयाची नाहीं अशा एखाद्या गांवीं दहा-वीस घरें घ्यावीं. प्रत्येक उत्तर मिळाल्यावर, 'माझ्या प्रश्नाचा अर्थ आपण काय घेतलात ?' असें उलट विचारावें. गैरसमज निघाला कीं प्रश्न बदलावा, आणि नवा गैरसमज निघेनासा होईपर्यंत हें चालू ठेवावें. कांहीं घरीं पंधरा-वीस दिवसांनीं तोच प्रश्न पुन्हां करावा, म्हणजे उत्तर स्थिर आहे कीं नाहीं हें कळतें. कांहीं घरीं दोन निरनिराळ्या माणसांनीं स्वतंत्रपणें विचारावें. उत्तरांत अंतर पडलें तर तो दोष विचारणाराच्या हाताचा किती हें समजतें. महालनोबीस यांनीं आपल्या नमुनापाहणींत दोन स्वतंत्र तुकड्या एकाच क्षेत्रांत पाठविण्याची जी पद्धत घातली तिचें मर्म हेंच.

परंतु स्थिर उत्तर म्हणजे खरें उत्तर नव्हे. आमच्या पहिल्या प्रश्नास त्या पाटलांनीं दहा वेळां 'नाहीं' म्हटलें असतें, आणि तें उत्तर अत्यंत स्थिर ठरलें असतें. याकरितां जेथें सत्य दुसऱ्या मार्गानें आधींच ठाऊक आहे अशा कांहीं ठिकाणीं तीच प्रश्नावली लावून पाहावी. ज्या घरीं कागद आहेत हें आपणांस पक्कें माहीत आहे त्या घरीं जर तिला 'नाहीं' असें उत्तर मिळालें, तर दोष घराचा नसून तिचा आहे. गडचिरोलींत तपासणीनें व बंगालांत तराजूनें हेंच काम केलें. दोन शब्दयोजनांपैकीं कोणती बरी याचा निश्चय होत नसेल तर घरांची चिठ्ठ्या टाकून वांटणी करावी व अर्ध्यांस एक, अर्ध्यांस दुसरी विचारावी. एकाच घरीं दोन्ही विचारूं नयेत.

शेवटीं, 'नाहीं', 'ठाऊक नाहीं', 'सांगावयाचें नाहीं', 'आम्हांस लागू नाहीं' आणि 'विचारलेंच नाहीं' या पांच गोष्टींस पांच वेगळ्या खुणा असाव्या. एवढा एकच नियम पाळला असता तरी आमचा पहिला तक्ता अगदींच वायां गेला नसता.

(६)

त्या योगायोगाच्या चहानंतर आम्हीं आमची प्रश्नावली मोडली. दुसऱ्या खर्ड्यांत 'ऐतिहासिक' हा शब्द कोठेंही ठेविला नाहीं. आपण कोण, कशासाठीं आलों, कागद नेणार नाहीं, जागींच नक्कल किंवा छायाचित्र घेऊं, हें प्रथम सांगावयाचें ठरविलें. मग घराण्याचें मूळ गांव, कुलदैवत, जत्रेंतील मान, भाऊबंदांच्या शाखा यांविषयीं विचारावयाचें. आणि त्यानंतर, 'कोणत्याही शाखेकडे, पेटींत, माळ्यावर, देव्हाऱ्याखालीं किंवा फडताळांत, मोडी लिहिलेले कागद, रुमालांत बांधलेलीं दप्तरें, जुन्या वह्या आहेत काय? पूर्वीं होत्या काय ? त्यांचें काय झालें ?' हा खर्डा शेजारच्या खोऱ्यांत, जेथें कागद असल्याची आम्हांस खात्री होती अशा घरांसह, लावून पाहिला ; दोनदां बदलला ; आणि सुमारें एक वर्षानें आम्ही पहिल्या गांवीं परत गेलों. 'नाहीं' म्हणालेल्या घरांपैकीं कित्येक घरीं आतां कागद निघाले. बहुतेक खरेदीखतें, कर्जरोखे व भाऊबंदांच्या वांटण्या होत्या. राजकारणाच्या इतिहासास त्यांचा उपयोग थोडा. गांवाच्या इतिहासास फार.

एका घरीं मात्र आम्हांस उशीर झाला. तेथील वृद्ध बाईंनीं नवा प्रश्न शांतपणें ऐकून घेतला व त्या म्हणाल्या, "मोडीचे दोन रुमाल होते कीं, सासऱ्यांच्या वेळचे. माळा गळायला लागला, म्हणून गेल्या पावसाळ्यांत खालीं काढले तों लगदा झालेला. न्हाणीच्या चुलीला घातले." आम्ही गप्प राहिलेले पाहून त्यांनींच पुढें विचारलें, "मागल्या खेपेला तुम्ही आला होतांत ना ? तेव्हां रुमालांचें कुठें विचारलेंत ? विचारलें असतेंत तर दाखविले असते."

त्या दोन रुमालांत काय होतें हें आतां कोणासही कळणार नाहीं. आमच्या पहिल्या तक्त्यांत त्या घरापुढें फुली आहे. ती खोडलेली नाहीं. तिच्याखालीं दुसऱ्या भेटीची हकीकत व तारीख लिहून ठेविली आहे, आणि दोन्ही प्रश्नावलींचे सर्व खर्डे त्याच फाइलींत जोडले आहेत. पुढील अभ्यासकास आमचीं उत्तरें वापरावयाचीं झालीं तर आमचे प्रश्न, आमच्या चुकांसह, त्याच्यासमोर असावे हें त्याचें कारण. आज ध्वनिमुद्रणाचें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे ; तेव्हां उत्तराबरोबर प्रश्नही जसा उच्चारला तसा राखून ठेवणें मुळींच अवघड राहिलें नाहीं.

जे तरुण अभ्यासक सुट्टींत गांवोगांव हिंडून माहिती जमविण्यास निघणार असतील त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. शंभर गांवीं एक कच्ची प्रश्नावली नेण्यापेक्षां एका गांवीं ती आधीं मोडून घ्यावी. कसोटीस लागणारे पंधरा दिवस वायां गेले असें वाटतें खरें. परंतु न तपासलेल्या प्रश्नाचें मोल, आम्ही पाहिलें त्याप्रमाणें, कधीं कधीं दोन रुमालांनीं चुकवावें लागतें.